जुन्या प्रोसेसरला नवे ग्राफिक्स कार्ड जोडताना

प्रोसेसर जुना ठेवून केवळ ग्राफिक्स कार्ड बदलावे का, या प्रश्नाचे उत्तर अनेक जण ‘बॉटलनेक (एका भागामुळे दुसऱ्याचा वेग अडणे) किती टक्के येईल’ या आकड्यात शोधतात. प्रोसेसर आणि कार्ड यांची नावे भरली की असा आकडा काढून देणारे कॅल्क्युलेटर भरपूर आहेत, परंतु त्यांच्या भरवशावर खरेदी करू नये. तीच जोडी एका गेममध्ये कार्डाला पूर्ण राबवते, दुसऱ्या गेममध्ये त्याच कार्डाला प्रोसेसरची वाट पाहत बसवते, आणि रिझोल्यूशन (चित्रातील पिक्सेलची संख्या) बदलले की हा हिशेब पुन्हा पालटतो. आपण जे गेम खेळतो, त्यांत आपला प्रोसेसर सेकंदाला किती फ्रेम (पडद्यावरची एकेक चित्रे) तयार करू शकतो, हे आधी पाहावे. तो आकडा हाती आला की कोणते कार्ड पुरेसे आहे आणि कोणते व्यर्थ आहे, हे बऱ्याच अंशी आपोआप ठरते.

यामागचे कारण समजून घेणे आवश्यक आहे. प्रत्येक फ्रेमसाठी पात्रांच्या हालचाली, वस्तूंची टक्कर, ध्वनी आणि कार्डाने पडद्यावर नेमके काय काढायचे याच्या आज्ञा, म्हणजे ड्रॉ कॉल, प्रोसेसरला तयार कराव्या लागतात. सेकंदाला ६० फ्रेम हव्या असतील तर या कामासाठी सुमारे १६.७ मिलिसेकंद मिळतात. १२० फ्रेम हव्या असतील तर केवळ ८.३. रिझोल्यूशन वाढवल्याने प्रोसेसरचे हे काम फारसे वाढत नाही, कार्डाचे मात्र वाढते: १०८०पी मध्ये एका फ्रेममध्ये सुमारे २०.७ लाख पिक्सेल असतात, १४४०पी मध्ये ३६.९ लाख आणि ४के मध्ये ८२.९ लाख. म्हणूनच जुन्या प्रोसेसरसोबतचे वेगवान कार्ड १०८०पी वर रिकामे बसलेले दिसते आणि ४के वर तेच कार्ड पूर्ण क्षमतेने चालते.

आधी मोजमाप करावे

हे मोजमाप सध्याच्या जुन्या कार्डावरही करता येते. एमएसआय आफ्टरबर्नर आणि त्यासोबत येणारा रिव्हाट्यूनर, किंवा कॅपफ्रेमएक्स, या फ्रेम मोजणाऱ्या सॉफ्टवेअरपैकी काहीही वापरावे. व्ही-सिंक (फ्रेमचा वेग मॉनिटरशी जुळवणारी सोय) आणि फ्रेमवरील मर्यादा बंद करावी, रिझोल्यूशन ७२०पी किंवा त्याहून खाली न्यावे, आणि टेक्श्चर, अँटी-अलायझिंग, अँबियंट ऑक्ल्यूजन यांसारखी कार्डावर भार टाकणारी सेटिंग्ज किमान ठेवावीत. दृश्याचे अंतर, गर्दीची घनता आणि वाहनांची संख्या मात्र प्रत्यक्ष खेळताना जशी हवी तशीच ठेवावी, कारण त्यांचा भार प्रोसेसरवर पडतो आणि ती कमी केली तर मिळणारा आकडा फसवा ठरतो. त्यानंतर गेममधल्या सर्वांत जड जागी, म्हणजे गजबजलेल्या शहरात किंवा पुष्कळ खेळाडू असलेल्या सामन्यात, काही मिनिटे खेळून सरासरी फ्रेम आणि ‘एक टक्का लो’ (सर्वांत मंद एक टक्का फ्रेमचा वेग) हे दोन्ही आकडे टिपावेत. गेमसोबत येणाऱ्या तयार बेंचमार्कवर विसंबू नये. त्यांपैकी बरेचसे देखण्या दृश्यांवरून कॅमेरा फिरवतात आणि प्रोसेसरला फारसा त्रासच देत नाहीत.

या चाचणीत कार्डाचा वापर ९५ टक्क्यांच्या बराच खाली असेल, तर मिळालेला आकडा प्रोसेसरची मर्यादा दाखवतो. तो त्याहून वर असेल तर जुने कार्डच अडसर आहे, आणि रिझोल्यूशन आणखी खाली न्यावे लागेल. टास्क मॅनेजरमधील प्रोसेसरच्या एकूण वापरावरून मात्र निष्कर्ष काढू नये. आठ थ्रेड (एकाच वेळी चालणाऱ्या कामांच्या धारा) असलेल्या प्रोसेसरमध्ये गेमचा मुख्य थ्रेड पूर्ण भरला तरी एकूण वापरात त्याचा वाटा १२.५ टक्केच दिसतो, आणि ‘प्रोसेसर तर अर्धाही वापरला जात नाही’ असा गैरसमज होतो.

आता हा आकडा मॉनिटरशी ताडून पाहावा. सरासरी ७५, एक टक्का लो ५५ आणि मॉनिटर ६० हर्ट्झचा (सेकंदाला ६० चित्रे दाखवणारा), अशी स्थिती असेल तर प्रोसेसर बदलण्याची घाई नाही. आपल्या रिझोल्यूशनवर तेवढ्या फ्रेम उत्तम सेटिंग्जमध्ये काढू शकणारे कार्ड घ्यावे. मॉनिटर १४४ हर्ट्झचा असेल आणि प्रोसेसर ७५ वरच थांबत असेल, तर कितीही महाग कार्डाने तो आकडा हलणार नाही. एक टक्का लो सरासरीच्या निम्म्यावर असेल तर खेळ अडखळतो, आणि हा अडखळणारा अनुभव नव्या कार्डाने क्वचितच सुधारतो.

मदरबोर्डाची बाजू

जुन्या मदरबोर्डवर पीसीआय एक्सप्रेसची, म्हणजे कार्ड जोडण्याच्या मार्गाची, पिढी पाहणे सर्वांत महत्त्वाचे आहे, आणि नेमके तेच बहुतेकांकडून राहून जाते. २०११ च्या कोअर आय५-२५००के पर्यंतच्या इंटेल प्रोसेसरांना दुसरी पिढी मिळते, २०१२ च्या आयव्ही ब्रिजपासून दहाव्या पिढीपर्यंत तिसरी, आणि अकराव्या पिढीपासून चौथी. एएमडीच्या रायझन प्रोसेसरांच्या १००० आणि २००० मालिकेत तिसरीच पिढी आहे. ३००० मालिकेत चौथी आहे, पण बी४५० सारख्या जुन्या चिपसेटवर तीही तिसऱ्याच पिढीच्या वेगाने चालते.

एरवी ही बाब गौण ठरली असती, कारण सोळा लेन (माहिती वाहून नेणाऱ्या मार्गिका) असलेल्या कार्डाला तिसऱ्या पिढीतही सुमारे १५.७ गीगाबाइट प्रतिसेकंद मिळतात आणि तेवढे पुरते. अडचण अशी की अनेक स्वस्त आणि मध्यम कार्डांत लेनच कमी असतात. आरटीएक्स ४०६०, आरटीएक्स ५०६०, आरएक्स ६६०० आणि आरएक्स ७६०० यांना आठच लेन आहेत, तर आरएक्स ६५०० एक्सटीला केवळ चार. तिसऱ्या पिढीच्या मदरबोर्डवर आठ लेनना सुमारे ७.९ आणि चार लेनना सुमारे ३.९ गीगाबाइट प्रतिसेकंद एवढाच मार्ग उरतो. कार्डाची मेमरी पुरेशी असेल तोवर हे जाणवत नाही. परंतु टेक्श्चर कार्डाच्या मेमरीत मावेनासे झाले की ते मुख्य मेमरीतून सतत आणावे लागतात, आणि तेव्हा हा अरुंद मार्ग झटक्यांच्या रूपाने दिसतो. चार गीगाबाइट मेमरी आणि चार लेन असलेले आरएक्स ६५०० एक्सटी जुन्या संगणकासाठी म्हणूनच अयोग्य आहे, जरी किमतीकडे पाहता ते नेमके त्याच ग्राहकाला आकर्षित करते. सोळा लेन असलेले आरएक्स ६७०० एक्सटी किंवा आरएक्स ९०६० एक्सटी अशा मदरबोर्डवर अधिक निर्धास्तपणे वापरता येतात.

दुसरी बाब रिसायझेबल बारची. त्यामुळे प्रोसेसरला कार्डाची संपूर्ण मेमरी एकाच वेळी हाताळता येते. एनव्हिडिया आणि एएमडीची कार्डे त्याशिवायही नीट चालतात, परंतु इंटेलची आर्क कार्डे त्याशिवाय बरीच मंदावतात, आणि इंटेलने त्यांच्यासाठी स्वतःचे दहाव्या पिढीचे किंवा रायझन ३००० पासूनचे प्रोसेसरच योग्य मानले आहेत. शिवाय डिसेंबर २०२४ मध्ये आलेल्या आर्क बी५८० च्या बाबतीत असे आढळले, की त्याचा ड्रायव्हर (कार्ड चालवणारे सॉफ्टवेअर) प्रोसेसरवर मोठा भार टाकतो आणि जुन्या सहा कोअरच्या प्रोसेसरांवर काही गेममध्ये कामगिरी लक्षणीय घसरते. कार्ड चांगले आहे. या कामासाठी ते नाही, एवढेच.

ड्रायव्हरचा हा भार इतरांनाही थोडाफार लागू आहे. डायरेक्टएक्स १२ च्या बऱ्याच गेममध्ये एनव्हिडियाचा ड्रायव्हर एएमडीच्या ड्रायव्हरपेक्षा प्रोसेसरचा अधिक वेळ घेतो, त्यामुळे प्रोसेसर मर्यादेवर असताना एएमडीचे कमी ताकदीचे कार्डही कधी कधी पुढे जाते. दोन कार्डांत निवड अडली असेल आणि प्रोसेसर चार कोअरचा असेल, तर माझा कौल एएमडीला राहील.

उरलेल्या बाबी थोडक्यात. यूईएफआय (संगणक सुरू करणारी आधुनिक प्रणाली) नसलेल्या फार जुन्या मदरबोर्डवर नवे कार्ड लावल्यास पडदा काळाच राहू शकतो. पॉवर सप्लायची क्षमता आणि वय दोन्ही पाहावेत. आरटीएक्स ४०६० चे ११५ वॅट आणि आरएक्स ६६०० चे १३२ वॅट बहुतेकांना पेलतात, २०० वॅटच्या आरटीएक्स ४०७० साठी मात्र दहा वर्षे जुन्या पॉवर सप्लायवर भिस्त ठेवू नये. एव्हीएक्स२ या सूचनासंचाची गरज असलेले काही नवे गेम आयव्ही ब्रिज किंवा एएमडीच्या एफएक्स-८३५० वर सुरूच होत नाहीत, मग कार्ड कोणतेही असो. विंडोज १० ला मिळणारे सर्वसाधारण समर्थन १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले आणि विंडोज ११ अधिकृतपणे इंटेलची आठवी पिढी किंवा रायझन २००० मालिका यांपासून पुढेच चालते, हेही खरेदीपूर्वी लक्षात घ्यावे.

कार्ड बसवल्यानंतर

जुन्या कार्डाचा ड्रायव्हर पूर्णपणे काढून नवा घालावा. त्यानंतर मेमरी तपासावी: दोन पट्ट्या योग्य खाचांत, म्हणजे ड्युअल चॅनेलमध्ये, आहेत का, आणि बायोसमध्ये (संगणक सुरू होतानाच्या मूळ सेटिंग्जमध्ये) एक्सएमपी, म्हणजे मेमरी तिच्या जाहीर वेगाने चालवणारी सोय, चालू आहे का. एकाच पट्टीवर किंवा २१३३ च्या मूळ वेगावर चालणारी डीडीआर४ मेमरी प्रोसेसरची मर्यादा आणखी खाली खेचते, विशेषतः सुरुवातीच्या रायझनमध्ये. हा बदल बहुधा फुकट असतो, म्हणून तो सर्वांत आधी करावा. प्रोसेसरवरील थर्मल पेस्ट वाळली असेल तर तीही बदलावी. तापून वेग कमी करणारा प्रोसेसर वरच्या सगळ्या हिशेबांना खोटे ठरवतो.

सेटिंग्जच्या बाबतीत नेहमीची सवय येथे उलटी करावी लागते. कार्ड रिकामे असेल तर रिझोल्यूशन, टेक्श्चर आणि अँटी-अलायझिंग वाढवावे. त्याने फ्रेम जवळपास कमी होत नाहीत आणि चित्र सुधारते. फ्रेम वाढवायच्या असतील तर दृश्याचे अंतर, गर्दी, सावल्या आणि रे ट्रेसिंग (प्रकाशकिरणांचा हिशेब करून चित्र काढणे) खाली आणावे. रे ट्रेसिंग केवळ कार्डाचे काम आहे ही समजूत चुकीची आहे. त्यासाठी लागणारी दृश्याची रचना प्रत्येक फ्रेममध्ये अद्ययावत ठेवताना प्रोसेसरही दमतो. डीएलएसएस किंवा एफएसआरचे अपस्केलिंग, म्हणजे कमी रिझोल्यूशनचे चित्र मोठे करणे, कार्डाचे ओझे हलके करते, त्यामुळे प्रोसेसर अडत असताना ‘परफॉर्मन्स’ मोड लावल्यास फ्रेम वाढत नाहीत, चित्र तेवढे धूसर होते. फ्रेम जनरेशनचे तसे नाही. मधल्या फ्रेम कार्डच तयार करत असल्याने प्रोसेसर थकलेला असतानाही हालचाल गुळगुळीत दिसते. परंतु माउसला मिळणारा प्रतिसाद मूळ फ्रेमच्याच वेगाचा, किंबहुना थोडा अधिक उशिराचा राहतो. मूळ वेग ६० च्या आसपास असेल तर एकट्याने खेळायच्या गेममध्ये ते वापरावे, ३५ वर असेल तर वापरू नये, आणि स्पर्धात्मक नेमबाजीत बंदच ठेवावे.

फ्रेमवर मर्यादा घालणे हा उपाय सर्वांत दुर्लक्षित आहे. प्रोसेसर ७० ते ९५ यांमध्ये हेलकावे खात असेल, तर ६५ किंवा ७० ची मर्यादा घातल्यावर फ्रेममधील अंतर समान होते आणि खेळ अधिक वेगवान नसूनही अधिक सुरळीत वाटतो. मॉनिटरला जी-सिंक किंवा फ्रीसिंक (मॉनिटरचा वेग फ्रेमशी जुळवणारी सोय) असेल तर उरलेले चढउतारही झाकले जातात.

एवढे करूनही आकडा अपुरा पडत असेल, तर संपूर्ण संगणक बदलण्याआधी त्याच सॉकेटवरील पुढचा प्रोसेसर पाहावा. एएमडीच्या एएम४ सॉकेटचा मदरबोर्ड असणाऱ्यांना यात सर्वाधिक वाव आहे: पहिल्या रायझनसोबत घेतलेल्या अनेक बी३५० आणि एक्स३७० चिपसेटच्या मदरबोर्डांना नंतर बायोस अपडेट मिळाले, आणि त्यांवर ९६ एमबी एल३ कॅश (प्रोसेसरमधील जलद मेमरी) असलेला रायझन ७ ५८००एक्स३डी किंवा ५७००एक्स३डी बसतो. मदरबोर्डच्या निर्मात्याने दिलेली समर्थित प्रोसेसरांची यादी पाहून, आणि जुना प्रोसेसर जागेवर असतानाच बायोस अद्ययावत करून, मग तो बदलावा. इंटेलच्या चार कोअरच्या प्रोसेसरांच्या जुन्या मदरबोर्डांवर असा मार्ग सहसा आय७-४७९०के किंवा आय७-७७००के यांच्यापाशीच संपतो, आणि ते प्रोसेसर आज वापरलेल्या बाजारातून चढ्या भावाने घेण्यापेक्षा ती रक्कम नव्या मदरबोर्डसाठी राखून ठेवलेली बरी. नवे कार्ड तेव्हा तसेच पुढे नेता येते.