जत्रेच्या नाटकात फ्रेंच सरदारीण आणायची असेल तर

आमच्या फोंड्याकडे यंदा जत्रेच्या नाटकाला कोणी व्हर्सायचा दरबार उभा करणार असेल तर आधी बायकांचे किताब नीट लावून घ्या, कारण गेल्या खेपेला आम्ही माती खाल्ली, बाईच्या पात्रापुढे चक्क 'मार्की' छापलं. मार्की म्हणजे पुरुष हो! बाई असली की मार्कीझ.

पहिलं काम म्हणजे नवरा कोण ते ठरवा. देसायाची बायको देसाईण तसंच तिकडे, किताब बहुतेक लग्नाने यायचा. राजाची बायको रेन (फ्रान्सात बाईला स्वतः गादीवर बसताच येत नव्हतं), मग उतरत्या क्रमाने द्यूशेस, मार्कीझ, कोंतेस, व्हिकोंतेस आणि बारॉन. त्या शेवटच्याकडे नीट बघा, बारॉन म्हटलं की आपल्याला मिशीवाला दिसतो, पण फ्रेंचमध्ये पुरुष 'बारों' आणि बाई 'बारॉन'.

अर्थ माहीत असले की संवाद लिहायला सोपं जातं. द्यूक मुळात सेनानायक, मार्की सरहद्दीचा मुलूख राखणारा, कोंत राजाचा सोबती. हाच कोंत पोर्तुगीजात कोंद, आपला वास्को द गामा व्हिदिगेराचा कोंद होता ना, तोच. युवराजाची बायको मात्र दोफीन, आणि दोफें (युवराजाचा किताब) म्हणजे डॉल्फिन, आपल्या गोव्यात सिकेरीला बोटीतून दाखवतात तोच! मारी आंत्वानेत राणी होण्याआधी १७७० ते १७७४ दोफीनच होती.

नवऱ्याशिवाय किताब द्यायचा असेल तर राजाची मर्जी दाखवा. पोंपादूर बाई, म्हणजे राजा पंधराव्या लुईची प्रेयसी, जन्माने सरदार घराण्यातली नव्हती, लुईने तिला १७४५ मध्ये मार्कीझ करून टाकलं.

आता स्टेजवर. राणीसमोर द्यूशेसला बिनपाठीच्या स्टुलावर बसायचा मान होता, मार्कीझ, कोंतेस वगैरे उभ्याच, त्यामुळे एक स्टूल ठेवलं की कोण मोठी ते प्रेक्षकांना न सांगता कळतं, आणि त्या स्टुलावरून दोघींचं भांडण लावलंत तर अख्खा प्रवेश निघतो. हाक मारताना 'मादाम ला द्यूशेस', नुसतं द्यूशेस नको, आणि 'राणीसरकार' फक्त राणीलाच.

दुसरा अंक क्रांतीनंतरचा असेल तर हे सगळं खोडा. जून १७९० मध्ये किताबच रद्द झाले, पुढे १७९२ नंतरचा प्रवेश असेल तर सगळ्या जणी 'सित्वायेन', म्हणजे नागरिक बाई. स्टूलसुद्धा आत न्या.