मैदानावरची पोरं दवाखान्यात: उपकरणविक्रीसाठी खेळाडू कसे निवडावेत, कसे घडवावेत

यवतमाळला माझी वैद्यकीय उपकरणांची एजन्सी आहे. मल्टीपॅरा मॉनिटर (पेशंटची नाडी, बीपी, ऑक्सिजन दाखवणारा), सक्शन मशीन (घशातला स्राव ओढून काढणारं), बेबी वॉर्मर, ऑटोक्लेव्ह (अवजारं वाफेने निर्जंतुक करणारा), इन्फ्युजन पंप (सलाईन-औषध मोजून सोडणारा) आणि हाडांच्या ऑपरेशनच्या प्लेटा-स्क्रू असा माल आम्ही दारव्हा, दिग्रस, पुसद, आर्णी, पांढरकवडा, वणी या बाजूच्या दवाखान्यांना देतो. माझ्याकडे फिरतीवर असलेली बहुतेक मुलंमुली मैदानातून आलेली आहेत. अमेरिकेत उपकरणांच्या कंपन्या कॉलेजच्या संघांतले खेळाडू मुद्दाम शोधून विक्रीला घेतात. ती रीत इथे जशीच्या तशी उचलून चालत नाही, कारण इथली फिरती वेगळी, दवाखाने वेगळे आणि खेळाडूच्या घरची परिस्थिती तर फारच वेगळी. पण नीट बसवली तर उत्तम चालते. वाशीम, बुलढाणा, गडचिरोलीकडचे एजन्सीवाले मला याबद्दल विचारत असतात, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी काम काय आहे ते नीट समजून घ्या, म्हणजे माणूस कसा हवा ते आपोआप कळेल. तालुक्याच्या गावी मॉनिटर विकायला दोन-तीन भेटी लागतात. तो चालू ठेवायला पुढची कित्येक वर्षं जावं लागतं. व्होल्टेज वरखाली होतं, अर्थिंग धड नसतं, सिस्टरची बदली होते आणि नवीन सिस्टरला मशीन माहीत नसतं. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे गेला की थंड ठेवायचे रिएजंट, म्हणजे रक्त तपासायची रसायनं, २ ते ८ अंशांत पोहोचवायचे म्हणजे पहाटेच निघावं लागतं. खाजगी दवाखान्यांची उधारी कापूस-सोयाबीन विकल्याशिवाय सुटत नाही, कारण पेशंटच्याच हातात तेव्हा पैसा येतो. गोड बोलणारा पण दोन महिन्यांत कंटाळणारा विक्रेता इथे कामाचा नाही. रोज तेच करूनही ज्याचा उत्साह टिकतो असा माणूस हवा. पहाटे पाचला उठून वर्षानुवर्षं तोच सराव केलेल्या पोराला हे वेगळं शिकवावं लागत नाही.

मात्र पदकं पाहून माणूस घेऊ नका. मी प्रमाणपत्रांची फाईल शेवटी उघडते. आधी पाहते तो संघात कुठल्या जागी खेळायचा ते. कबड्डीत टाळ्या चढाईपटूला मिळतात, पण मला कॉर्नरवाला आवडतो. तो समोरच्याच्या पायावर नजर ठेवून थांबतो, घाई करत नाही आणि एकटा सुसाट धावून पकड वाया घालवत नाही. खो-खोचा पाठलाग करणारा तर या कामासाठी सोन्यासारखा. धावताना त्याला मागे वळायची मुभा नसते, म्हणून आपल्याला गडी मिळत नाही हे वेळेत ओळखून शेजारच्याला खो द्यावाच लागतो. डॉक्टरांनी असा प्रश्न विचारला की ज्याचं उत्तर आपल्याला येत नाही, तेव्हा ठोकून न देता 'सर, हे मी सर्व्हिस इंजिनिअरला विचारून संध्याकाळपर्यंत सांगतो' असं म्हणणारा मुलगा हवा. खो-खोवाल्याला ते सहज जमतं. लांब पल्ल्याचा धावपटू एकट्याने दिवस काढू शकतो, म्हणून धारणी-चिखलदरा किंवा झरी-जामणीसारखी विरळ वस्तीची लाईन, म्हणजे फिरतीचा ठरलेला मार्ग, त्याला द्यावी. कुस्तीगीर वजनगट सांभाळून आलेला असतो, त्याला स्वतःवर बंधन घालणं माहीत असतं.

दुखापतीमुळे खेळ सुटलेल्यांकडे विशेष लक्ष द्या. गुडघ्याचा लिगामेंट तुटून ऑपरेशन झालेला मुलगा महिनोन्महिने फिजिओथेरपी करून पुन्हा चालायला लागलेला असतो. पेशंट म्हणून पलंगावर पडलं की काय वाटतं, ते त्याने अंगावर घेतलेलं असतं. ओटीबाहेर (ऑपरेशन थिएटरबाहेर) बसलेल्या नातेवाइकांशी तो आवाज खाली ठेवून बोलतो. हे गुण प्रशिक्षणातून येत नाहीत. एक काळजी मात्र घ्या: स्वतःच्या गुडघ्याच्या अनुभवावरून त्याने कुणालाही औषधपाण्याचा किंवा ऑपरेशनचा सल्ला द्यायचा नाही, हे पहिल्याच दिवशी बजावून ठेवा.

शोधायचं कुठे? जाहिरात दिली की अर्ज येतात, खेळाडू येत नाहीत. ज्यांच्याकडे पोरं घडतात तिथे स्वतः जा. अमरावतीचं श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासूनचं. १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी याच मंडळाच्या चमूने तिथे आपले देशी खेळ करून दाखवले होते. तिथे आणि इतर शारीरिक शिक्षण महाविद्यालयांत बी.पी.एड. करणारी मुलं शरीररचना, प्रथमोपचार, खेळातल्या दुखापती हे विषय शिकलेली असतात, त्यामुळे फीमर (मांडीचं हाड) आणि टिबिया (नडगीचं हाड) त्यांना समजावून सांगावे लागत नाहीत. अमरावती आणि नागपूर विद्यापीठांच्या संघांतून खेळलेली, म्हणजे कलर होल्डर मुलं, शेवटच्या वर्षानंतर एकदम मोकळी पडतात. गावोगावच्या क्रीडा मंडळांच्या खुल्या कबड्डी स्पर्धांना जाऊन बसा. आणि तालुक्याच्या क्रीडा संकुलावर पहाटे पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं बघा: १६०० मीटर, १०० मीटर, गोळाफेक. त्यातली कितीतरी लेखी परीक्षेत थोडक्यात राहतात आणि वय सरत जातं. खेळाडूंसाठी सरकारी नोकरीत ५ टक्के आरक्षण आहे, पण जागा थोड्या आणि पोरं पुष्कळ. या मुलांना नोकरी देणं म्हणजे उपकार नव्हे. जिल्ह्यातली सगळ्यात शिस्तीची माणसं तुम्हाला मिळतायत.

मुलाखत टेबलावर घेऊ नका. प्रशिक्षकाशी आधी बोला आणि एकच प्रश्न विचारा: 'याला संघातून बसवलं तेव्हा हा सरावाला येत होता का?' त्या उत्तरावर माझा अर्धा निर्णय होतो. मग मुलाला म्हणा, तुमच्या संघातले राखीव खेळाडू कोण होते, सांग. नावं भराभर आली तर तो संघात राहिलेला आहे. स्वतःचेच गुण सांगत बसला तर थोडं सावध व्हा.

त्यानंतर एक दिवस सोबत फिरतीवर न्या. मी यवतमाळ-दारव्हा-दिग्रस-पुसद ही लाईन घेते. गाडीत बोलणं होतं, पण मी बघते ते वेगळंच. ओपीडीबाहेर दीड तास थांबावं लागलं तर मोबाईलमध्ये डोकं घालतो की आजूबाजूला बघतो? वॉर्डातल्या मावशींना नमस्कार करतो का? स्ट्रेचर अडकलं तर न सांगता हात लावतो का? आणि तोंडात खर्रा, म्हणजे सुपारी-तंबाखूचं मिश्रण, आहे का? आपल्या भागात हे विचारावंच लागतं. खर्रा खाणाऱ्याला मी सोडण्यासाठी मुदत देते, पण सुटल्याशिवाय दवाखान्यात पाठवत नाही. ज्या वॉर्डात तोंडाच्या कॅन्सरचे पेशंट पडलेत, तिथे खर्रा चघळत उपकरण विकायला माणूस पाठवणं मला मान्य नाही.

शेवटची परीक्षा शिकण्याची. संध्याकाळी त्याला मॉनिटर तासभर शिकवते आणि सांगते, उद्या सकाळी तू मला शिकव. "मॅडम, मले इंग्रजी येत नाई," असं बहुतेक जण म्हणतात. मी म्हणते, मराठीत शिकव. रात्री जागून वहीत आकृत्या काढून आणणारे असतात, त्यांना घ्यायचं. इंग्रजी नंतर येतं. मॅन्युअलमधले रोजचे शंभरेक शब्द असतात, ते पाठ होतात.

घेतल्यावर तुम्हाला प्रशिक्षक व्हावं लागेल. खेळाडूला नुसतं टार्गेट देऊन सोडलं की तो कोमेजतो, हे मी ठामपणे सांगते. त्याला रोज कुणीतरी चूक दाखवणारं लागतं, त्याची सवयच तशी असते. पहिला महिना गोदामात आणि सर्व्हिस इंजिनिअरच्या मागे. मल्टीमीटरने व्होल्टेज आणि अर्थिंग तपासायला आलं पाहिजे. बीपीचा कफ मापाचा नसेल तर रीडिंग चुकतं, हे स्वतःच्या दंडावर करून बघायचं. ऑक्सिजनचं रीडिंग कमी येतंय म्हणून फोन आला की आधी पेशंट कसा आहे ते सिस्टर किंवा डॉक्टरांनी बघायचं. पेशंट ठीक असेल तर मग विचारायचं, बोटाला मेंदी किंवा नेलपॉलिश आहे का, हात गार पडलाय का, बोटाला लावायचा प्रोब नीट बसलाय का? बाळंतपणाच्या वॉर्डात निम्म्या तक्रारी इथेच मिटतात. आठवड्याला एकच उपकरण घ्यायचं, पण ते डोळे मिटून जोडता-उघडता आलं पाहिजे.

दुसऱ्या महिन्यात शिकवायला शिकवा. सिस्टरच्या हातात मशीन द्यायचं आणि "सिस्टर, आता तुम्ही लावून बघा" म्हणून आपण मागे सरकायचं. स्वतः झटपट करून दाखवणारा मुलगा सिस्टरला काहीच शिकवत नाही. वॉर्ड इन्चार्ज सिस्टरला आधी भेटायचं, डॉक्टरांना नंतर. मशीन वापरणार त्या. पेशंटला हात लावायचा नाही. ऑर्थोपेडिकच्या ओटीत प्लेटांचा ट्रे घेऊन उभं राहायचं तर निर्जंतुक भागापासून लांब, विचारल्याशिवाय बोलायचं नाही, सी-आर्म (ओटीतलं एक्स-रे मशीन) चालू असताना किरणांपासून वाचवणारा लेड अॅप्रन घालायचाच. रेषेच्या आत-बाहेर राहण्याची शिस्त खेळाडूला असतेच, इथली रेषा कुठे आहे तेवढं दाखवून द्या.

आपल्या जिल्ह्याचं वर्षही त्याला पाठ पाहिजे. २०१७ साली कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन यवतमाळ जिल्ह्यात वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर गेले. अशा विषबाधेत तोंडा-घशात स्राव दाटतात, श्वास थांबायला लागतो. सक्शन मशीन आणि व्हेंटिलेटर त्याच क्षणी चालू हवं. म्हणून आमच्याकडे जुलै संपायच्या आत प्रत्येक पोराने आपल्या लाईनवरच्या सगळ्या सक्शन मशीन चालवून बघायच्या असा नियम आहे, मशीन आम्ही विकलेली असो वा दुसऱ्याने. त्याचं बिल लावायचं नाही. माझ्या धंद्यातली सगळ्यात महत्त्वाची फेरी हीच, असं मी मानते.

पगाराबाबत थोडक्यात: निव्वळ कमिशनवर खेळाडू ठेवू नका. ही मुलं बहुधा कोरडवाहू शेतीच्या घरातली, घरी पैसे पाठवणारी. ठरलेला पगार, पेट्रोल आणि अपघात विमा द्या. इन्सेंटिव्ह विक्रीवर न देता वसुलीवर आणि चालू राहिलेल्या मशीनवर द्या.

कायद्याचंही पक्कं शिकवा. वैद्यकीय उपकरण नियम २०१७ खाली विक्रीसाठी नोंदणी लागते: एमडी-४१ या नमुन्यात अर्ज, एमडी-४२ या नमुन्यात प्रमाणपत्र. त्यासाठी लागणारा जाणकार माणूस पदवीधर किंवा नोंदणीकृत फार्मासिस्ट चालतो, तसाच बारावी होऊन उपकरणविक्रीचा एक वर्षाचा अनुभव असलेलाही चालतो. म्हणजे तुमच्याकडे कामाला असलेलाच मुलगा उद्या स्वतःची एजन्सी काढू शकतो. गुडघ्याच्या कृत्रिम सांध्यांवर २०१७ पासून कमाल किमतीची मर्यादा आहे, ती तोंडपाठ हवी. डॉक्टरांना भेटवस्तू, सहली यांना उपकरणांच्या विक्रीसाठीच्या २०२४ च्या आचारसंहितेने मनाई केली आहे. मैदानात पंचाचा निर्णय मानणाऱ्या मुलाला हे पटवावं लागत नाही. मालकाने स्वतः पाळलं म्हणजे झालं.

मुलींना जरूर घ्या. प्रसूतिगृह, एसएनसीयू (आजारी नवजात बाळांचा कक्ष), महिला डॉक्टरांचे दवाखाने इथे खो-खो, व्हॉलीबॉल खेळलेल्या माझ्याकडच्या मुलींचं काम मुलांपेक्षा सरस आहे. पण त्यासाठी तुम्हाला त्यांच्या घरी जावं लागेल. "पोरगी एकटी फिरन तर लोक काय म्हनतीन?" असं वडील विचारतात, आणि त्यांची काळजी खरी असते. मी लाईनचा कागद त्यांच्या हातात देते: कुठल्या दिवशी कुठलं गाव, कुठल्या सिस्टरकडे, परत किती वाजता. दिवेलागणीच्या आत घरी पोहोचेल एवढीच लाईन देते आणि रात्री मशीन बंद पडलं तर तिने जायचं नाही, इंजिनिअर जाईल, हे सांगते. आईला एकदा ऑफिस दाखवून आणते. स्पर्धेला मुलीला बाहेरगावी पाठवलेलं घर असतं, ते यालाही तयार होतं.

भरती केव्हा करायची? विद्यापीठाच्या स्पर्धा हिवाळ्यात उरकतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये निवडा, एप्रिल-मेमध्ये गोदामात आणि सोबतीने फिरतीवर तयार करा, पेरण्या आटोपायच्या सुमारास एकटं लाईनवर जाऊ द्या, म्हणजे फवारणीच्या हंगामाआधी प्रत्येक वॉर्ड त्याच्या ओळखीचा होतो. पदवी अर्धी राहिली असेल तर यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून पूर्ण करायला लावा, फी एजन्सीने भरावी. मोठ्या कंपन्या पदवी मागतात आणि तुमच्याकडून कुणी तिकडे गेलं तर ती चांगली गोष्ट आहे.

पोलीस भरती निघाली की मुलं सुट्टी मागणार. द्या. कामावर घेतानाच तसं कबूल करा, म्हणजे खोटं आजारपण सांगायची वेळ त्यांच्यावर येत नाही. मुलगा सुट्टीवर किंवा सोडून गेला तरी काम अडू नये, म्हणून प्रत्येक दवाखान्याची नोंदवही एजन्सीत ठेवा: कोणतं मशीन, कधी बसवलं, कोणत्या सिस्टरला शिकवलं, कोणता प्रोब बदलला, उधारी किती. दर शनिवारी ती भरूनच घरी जायचं. मुलगा निवडला गेला, तर जाण्यापूर्वी नव्या मुलाला घेऊन त्याने आपली पूर्ण लाईन एकदा फिरायची आणि प्रत्येक वॉर्डात त्याची ओळख करून द्यायची, एवढी एक अट मी नेमणूकपत्रातच लिहून घेते.