कर्करोगाच्या कडा तपासताना मतभेद का होतात? या चुका टाळा

त्वचेच्या कर्करोगाची एकच स्लाइड पाहून एक शल्यचिकित्सक कडा मोकळी आहे, म्हणजे कापलेल्या तुकड्याच्या काठावर कर्करोग नाही, म्हणतो आणि दुसरा त्याच ठिकाणी पेशी उरल्याचे सांगतो, तेव्हा सगळा दोष नजरेला दिला जातो. माझ्या मते, मतभेदाची बरीच कारणे स्लाइड सूक्ष्मदर्शकाखाली येण्यापूर्वीच तयार झालेली असतात.

भुलीचे इंजेक्शन दिल्यानंतर कापायच्या सीमेच्या खुणा करणे ही त्यातली पहिली चूक. औषधाने त्वचा फुगते, ॲड्रेनालिनमुळे फिकट पडते आणि गाठीची सीमा पुसट होते. खुणा आधीच, चांगल्या उजेडात आणि शक्यतो डर्मोस्कोपने (त्वचा मोठी करून दाखवणाऱ्या भिंगाने) पाहून कराव्यात. स्पष्ट सीमेच्या, २ सेंटिमीटरहून लहान व कमी जोखमीच्या बेसल सेल कार्सिनोमा या त्वचेच्या कर्करोगाभोवती साधारण ४ मिलिमीटर निरोगी त्वचा घेतात. मात्र कापलेला तुकडा आकसतो, त्यामुळे अहवालात अंतर कमी दिसले म्हणून शल्यचिकित्सकाने कमी कापले असे समजू नये.

दुसरी चूक अधिक घातक आहे, कारण ती दिसतच नाही. मोज शस्त्रक्रियेत, म्हणजे कर्करोग थराथराने काढत प्रत्येक थर लगेच तपासण्याच्या पद्धतीत, तुकड्याची संपूर्ण बाहेरची कडा आणि तळ तपासला जातो, तर पावासारखे उभे काप घेण्याच्या नेहमीच्या पद्धतीत कडेचा एक टक्काही प्रत्यक्ष पाहिला जात नाही. म्हणून दोन्हींकडच्या ‘मोकळ्या’ या निष्कर्षाचे वजन सारखे नसते. शिवाय मोजच्या स्लाइडवर घड्याळाच्या तबकडीप्रमाणे ३ ते ५ या भागातली बाह्यत्वचा दुमडली किंवा निसटली असेल, तर तिथे कर्करोग असला तरी दिसणार नाही. प्रत्येक स्लाइड वाचताना आधी कडा सलग आहे का हे पाहावे, आणि नसेल तर निर्णय न देता नवा काप मागावा.

तिरक्या कापात केसाचे मूळ बेसल सेल कार्सिनोमासारखे भासते आणि दाट दाहपेशींमागे खरा कर्करोग लपतो. अशा वेळी त्याच तुकड्यातून आणखी खोल काप घेतल्यास गोष्ट स्पष्ट होते.

दोन वाचकांच्या मतांची सुसंगती मोजतानाही फसगत होते. १०० पैकी ९० स्लाइड मोकळ्या म्हणणाऱ्या दोघांनी न पाहता उत्तरे दिली, तरी निव्वळ योगायोगाने सुमारे ८२ टक्के एकमत होईल. म्हणून टक्केवारीसोबत योगायोग वजा करणारा कप्पा (kappa) गुणांक द्यावा आणि कर्करोग असलेल्या स्लाइडवरचे एकमत वेगळे सांगावे. निवडीत अवघड स्लाइड मुद्दाम घ्याव्यात आणि काही आठवड्यांनी त्याच व्यक्तीकडून, जुने उत्तर न दाखवता, पुन्हा वाचून घ्याव्यात.

मतभेद उरलाच, तर तो ज्येष्ठतेच्या जोरावर मिटवू नये. दोघांनी आपापले मत स्वतंत्रपणे लिहावे, मग सोबत बसून नेमका वादाचा भाग तुकड्याच्या नकाशावर (रेखाचित्रावर) खुणावावा, आणि खोल कापांनंतरही शंका राहिल्यास तेवढ्याच भागातून आणखी एक पातळ थर काढावा.