अमेरिकेतल्या शाळा आणि सुधारणा चळवळी: अभ्यासाला बसताना

या विषयाची सुरुवात बहुतेक जण सनावळीने करतात आणि तिथेच फसतात. 1837, 1848, 1865, 1896, 1954 ही माळ दोन दिवसांत पाठ होते. पण मॅसॅच्युसेट्सने 1852 मध्ये केलेला सक्तीच्या शिक्षणाचा कायदा मिसिसिपीत यायला 1918 का उजाडलं, असं कुणी विचारलं की ती माळ कामाला येत नाही. निम्मं उत्तर राज्यघटनेत आहे. तिच्यात शिक्षणाचा उल्लेखच नाही आणि दहाव्या दुरुस्तीने असे उरलेले अधिकार राज्यांकडे ठेवले. म्हणून ‘अमेरिकेने शिक्षण सक्तीचं केलं’ असं वाक्य लिहूच नये. कोणत्या राज्याने, कधी आणि कितपत, हे सांगावं लागतं. 1852 च्या कायद्यातली सक्ती तरी केवढी? 8 ते 14 वयाच्या मुलांना वर्षाला 12 आठवडे शाळा, त्यातले 6 सलग. तेवढंही सगळीकडे पाळलं गेलं नाही.

दुसरी अडचण शब्दांची, आणि ती आपल्याकडच्या विद्यार्थ्याला जास्त नडते. ‘पब्लिक स्कूल’ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर टाय लावलेली, भरपूर फी भरणारी मुलं येतात; तिथे ती करावर चालणारी, बिनफीची शाळा. ‘स्कूल डिस्ट्रिक्ट’ म्हणजे जिल्हा नव्हे, ते शाळा चालवणारं स्थानिक क्षेत्र, कधी एखाद्या वस्तीपुरतंसुद्धा. ‘नॉर्मल स्कूल’ म्हणजे शिक्षक घडवणारी शाळा, आपलं जुनं ट्रेनिंग कॉलेज. ‘सेमिनरी’ म्हणजे दर वेळी पाद्री तयार करणारी संस्था नव्हे; एमा विलार्डची ट्रॉय इथली सेमिनरी (1821) मुलींना उच्च शिक्षण देत होती. वहीच्या पहिल्या पानावर असे वीस-पंचवीस शब्द लिहून ठेवा.

वाचन मॅसॅच्युसेट्सपासून सुरू करा आणि निदान तीन आठवडे तिथून हलू नका. होरेस मान 1837 मध्ये तिथल्या शिक्षण मंडळाचा पहिला सचिव झाला, हे सगळ्यांना माहीत असतं. मंडळाच्या हातात फारशी सत्ता नव्हती, हे मात्र कुणी लक्षात घेत नाही. माहिती गोळा करायची, छापायची आणि लोकांचं मन वळवायचं, एवढंच. म्हणूनच मानचे 12 वार्षिक अहवाल इतके वक्तृत्वपूर्ण आहेत. हुकूम देता येत नाही तो माणूस पटवून सांगतो. बाराच्या बारा वाचायची गरज नाही. प्रशियातल्या (तेव्हाचं एक जर्मन राज्य) शाळा पाहून आल्यावर लिहिलेला सातवा आणि 1848 चा बारावा, एवढे पुरेत. बाराव्यातलं शिक्षण हे समाजातली विषमता मिटवणारं सर्वांत मोठं साधन आहे, हे वाक्य प्रत्येक उत्तरपत्रिकेत सापडतं. त्याच्या दोन-तीन वाक्यं पुढे जा. तिथे मान सांगतो की शिक्षण गरिबांच्या मनातलं श्रीमंतांबद्दलचं वैर काढून टाकण्यापेक्षाही मोठं काम करतं, ते माणसाला गरीबच होऊ देत नाही. हे कुणाला उद्देशून लिहिलंय? कर भरणाऱ्या मालमत्तावाल्यांना तर नव्हे? एवढा प्रश्न पडला की अहवाल वाचता येऊ लागला असं समजा.

सातव्या अहवालावर बॉस्टनच्या 31 मास्तरांनी 1844 मध्ये चिडून उत्तर छापलं. छडीवाचून शिस्त राहील कशी, हा त्यांचा एक मोठा मुद्दा. तेही वाचा; सुधारकाचा विरोधक मूर्खच असतो असं मानण्याची सवय त्याने मोडते. आणि लेक्सिंग्टनचं नॉर्मल स्कूल 3 जुलै 1839 ला उघडलं तेव्हा पहिल्या दिवशी फक्त तीन मुली आल्या होत्या, हेही टिपून ठेवा. पुढे शाळा भराभर वाढू शकल्या त्याचं एक कारण म्हणजे बाईला पुरुषाच्या निम्म्या किंवा त्याहूनही कमी पगारात नेमता येत होतं.

एक खटला मात्र अगदी जवळून पाहायला हवा. बॉस्टनमधल्या पाच वर्षांच्या सेरा रॉबर्ट्सला कृष्णवर्णीयांसाठी वेगळ्या ठेवलेल्या शाळेत जाताना वाटेत गोऱ्या मुलांच्या पाच शाळा ओलांडाव्या लागत. तिचे वडील बेंजामिन रॉबर्ट्स व्यवसायाने मुद्रक. त्यांनी शहरावर दावा लावला. बाजू मांडली चार्ल्स समनर आणि कृष्णवर्णीय वकील रॉबर्ट मॉरिस यांनी. 1850 मध्ये न्यायमूर्ती लेम्युएल शॉ यांनी निकाल शहराच्या बाजूने दिला. पण लढा कोर्टाबाहेर चालू राहिला आणि 1855 मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या विधिमंडळाने वर्णावरून शाळाप्रवेश नाकारण्याला कायद्याने बंदी केली. गोष्ट इथे संपली असती तर बरं होतं. रेल्वेच्या डब्यांतल्या वर्णभेदावरच्या 1896 च्या प्लेसी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ‘वेगळे पण समान’ हे तत्त्व मान्य करताना शॉ यांच्याच निकालाचा आधार घेतला. म्हणजे राज्यात निरुपयोगी ठरलेला निकाल 46 वर्षांनी देशभर लागू झाला, आणि वर्णावरून वेगळ्या शाळा घटनाबाह्य ठरवणाऱ्या 1954 च्या ब्राउन निकालापर्यंत शाळांना पुरला. वर्णभेद ही फक्त दक्षिणेची करणी, असं लिहिणाऱ्याला या एका खटल्यात उत्तर आहे.

पुराव्याचा अर्थ कसा लावतात हे शिकायचं असेल तर मॅसॅच्युसेट्समधल्याच बेव्हर्ली या गावाचं उदाहरण घ्या. 1860 मध्ये गावसभेने नुकतंच सुरू झालेलं हायस्कूल 249 विरुद्ध 143 मतांनी बंद केलं. कुणी कुठे मत दिलं याची नावानिशी नोंद राहिली, हे इतिहासकारांचं भाग्य. 1968 मध्ये मायकेल कॅट्झने त्यावरून मांडलं की चांभारकाम करणाऱ्या आणि गरीब मतदारांनी वरून लादलेली सुधारणा झुगारली. 1985 मध्ये मारिस विनोव्स्किसने तीच यादी पुन्हा तपासली आणि कराचा बोजा, लांबच्या वस्त्या अशा कारणांना जास्त वजन दिलं. यादी तीच, निष्कर्ष वेगळे. दोन्ही बाजू एका पानात मांडता आल्या तर परीक्षेपुरतं हत्यार हातात आलं.

दक्षिणेकडे वळताना ‘उत्तरेच्या दानशूरांनी शाळा दिल्या’ हा सूर टाळा. मुक्त झालेल्या गुलामांच्या मदतीसाठी काढलेलं सरकारी खातं, फ्रीडमेन्स ब्यूरो, 1865 ते 1872 एवढंच टिकलं. पुढच्या काळातल्या रोझेनवाल्ड शाळांचा, म्हणजे ज्युलियस रोझेनवाल्ड या उद्योगपतीच्या फंडाच्या मदतीने कृष्णवर्णीय मुलांसाठी बांधलेल्या शाळांचा, हिशेब पाहा. 1932 पर्यंत साधारण 5,000 शाळा उभ्या राहिल्या. त्यांत फंडाचे सुमारे 44 लाख डॉलर, तर गावोगावच्या कृष्णवर्णीयांनी वर्गणीतून घातलेले सुमारे 47 लाख. सरकारी करातून आलेला वाटा याहून कितीतरी मोठा, आणि तो कर ही माणसंही भरतच होती. इमारतीला नाव मात्र देणगीदाराचं. आपल्याकडेही हे नवीन नाही म्हणा.

मूलनिवासी मुलांना गोऱ्यांच्या रीतीत वळवणारी कार्लाइलची शाळा (1879 ते 1918) स्वतःला सुधारणाच म्हणवत होती. तिथले ‘आधी’ आणि ‘नंतर’चे फोटो पुरावा म्हणून वापरण्याआधी ते प्रचारासाठी काढले होते हे ध्यानात ठेवा.

मराठी वाचकाला दोन जास्तीची साधनं मिळतात. फुल्यांच्या ‘गुलामगिरी’ची (1873) अर्पणपत्रिका कृष्णवर्णीयांना उद्देशून आहे असं भाषणांत सर्रास ठोकून देतात, ती गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना आहे. तारीखही पाहा: यादवी युद्धानंतर दक्षिणेत सुरू झालेली पुनर्रचना, जिच्यात कृष्णवर्णीयांना नागरी हक्क मिळाले होते, 1877 मध्ये मोडली, म्हणजे फुल्यांनी लिहिलं तेव्हा आशेला जागा होती. दुसरं साधन पंडिता रमाबाईंचं 1889 चं अमेरिकेवरचं पुस्तक. शिक्षण, धर्मादाय संस्था, स्त्रियांची स्थिती, सगळं डोळ्यांनी पाहून आणि मराठीत. मात्र त्यांचा वावर मुख्यतः उत्तरेतल्या गोऱ्या, प्रॉटेस्टंट सुधारक वर्तुळांत होता आणि त्यांच्या शारदा सदनासाठी (विधवांसाठीची निवासी शाळा) पैसा उभा राहिला तोही तिथूनच. त्यांच्या कौतुकाची पानं वाचताना समासात ‘हे कुणाच्या घरी पाहिलं?’ असं लिहीत जा.

शेवटी शोधाबद्दल. लायब्ररी ऑफ काँग्रेसची जुनी वर्तमानपत्रं आणि हाथीट्रस्ट या ऑनलाइन ग्रंथसंग्रहावरचे अहवाल फुकट वाचता येतात, पण आजचे शब्द टाकले तर हाती काही लागत नाही. ‘आफ्रिकन अमेरिकन’ नव्हे, त्या काळी ‘कलर्ड’ किंवा ‘फ्रीडमेन’; ‘पब्लिक एज्युकेशन’ऐवजी ‘कॉमन स्कूल’. जुन्या छपाईची अक्षरं यंत्राला नीट ओळखता येत नाहीत, म्हणून आडनावं दोन-तीन चुकीच्या स्पेलिंगनेही शोधून पाहा. आणि सापडलेल्या पानाचा दुवा, तारीख, पृष्ठक्रमांक तिथल्या तिथे उतरवा, कारण तेच पान दुसऱ्या दिवशी शोधण्यात अख्खी संध्याकाळ जाते.