संडासच्या टाकीच्या बाबतीत या चुका टाळा

"भाऊ, टाकी उपसून महिना नाही झाला अन् पुन्हा भरली. तुम्ही काढलं तरी काय?"

हा फोन मला दर पावसाळ्यात येतो. वर्धा जिल्ह्यात ट्रॅक्टरवर मैला उपसायची गाडी चालवतो, १४ वर्षं झाली. म्हणून आधी हेच सांगतो. सेप्टिक टँक भरलेलीच असते. उपसल्यावर काही दिवसांत ती बाहेर जाणाऱ्या पाइपापर्यंत पुन्हा भरते, आणि भरायलाच हवी. जड मैला तळाशी बसतो, तेलकट साय वर येते, मधलं पाणी शोषखड्ड्यात जातं. झाकण उघडल्यावर पाणी दिसलं म्हणून टाकी भरली असं म्हणायचं नाही. बघायचा तो गाळ.

मी लांब बांबूला जुन्या धोतराचा पांढरा कपडा गुंडाळतो, तळाला टेकवतो, दोन-तीन मिनिटं थांबतो आणि सावकाश वर काढतो. जेवढा कपडा काळा, तेवढा गाळ. साय आणि गाळ मिळून पाण्याच्या खोलीच्या तिसऱ्या हिश्शाला पोचले की गाडी बोलवायची. घरात पाच-सहा माणसं असली तर दोन-तीन वर्षांत ही वेळ येते. लोक मात्र संडासच्या भांड्यातून घाण वर येईपर्यंत थांबतात, अन् मग त्यांना रात्री दहाला गाडी हवी असते.

मग महिनाभरात पाणी परत का येतं? दोष बहुतेक वेळा शोषखड्ड्याचा असतो. आपली काळी माती उन्हाळ्यात हात जाईल एवढी फाटते आणि जुलैत फुगून गच्च होते. पाणी मुरायला जागाच राहत नाही. अशा वेळी टाकी कितीदाही उपसा, पैसे माझ्या खिशात येतील, त्रास तसाच राहील. आंघोळीचं आणि भांड्यांचं पाणी टाकीतून तोडा, परसबागेत न्या. टाकीचं पाणी एका खोल खड्ड्याऐवजी गिट्टी भरलेल्या लांब, उथळ चरात सोडा आणि वर केळी, कर्दळ लावा. विहीर किंवा बोअर यापासून निदान ६० फूट लांब.

काही जण अभिमानानं सांगतात, "आमची टाकी वीस वर्षांत एकदाही उपसली नाही." मला ते ऐकून शेजारच्या विहिरीची काळजी वाटते. अशा टाकीला बहुतेकदा बूडच नसतं. गवंड्यानं सिमेंट वाचवलेलं असतं आणि मैल्याचं पाणी थेट जमिनीत चाललेलं असतं.

झाकण फरशीखाली गाडणं ही माझ्या दृष्टीनं सगळ्यात मोठी चूक. आर्वीकडच्या एका गावात अक्षय तृतीयेच्या लग्नाला दोन दिवस होते, घर पाहुण्यांनी भरलेलं, अन् दोन्ही संडास तुंबले. टाकी कुठे आहे ते घरात कोणालाच सांगता येईना. बांधणारे आजोबा वारलेले, वर नवी टाइल बसवलेली. ओसरी फोडत फोडत तीन तासांनी झाकण लागलं. कित्येक वर्षांचा गाळ, माझा पाइप ओढेना. मी पाण्याची सोय करायला वळलो तेवढ्यात कोणीतरी दोन पोरं आणली, बादली आणि दोर घेऊन. एकानं पाय आत सोडलेही होते. मी त्याला दंडाला धरून बाहेर ओढलं. घरचे म्हणाले, "कंदील सोडून बघू, विझला नाही तर उतरेल."

विहिरीची ही जुनी रीत टाकीजवळ चालत नाही. आत मिथेन असतो, तो पेट घेतो. हायड्रोजन सल्फाइडला आधी सडक्या अंड्यासारखा वास येतो, पण वायू जास्त असला की नाकच बधिर होतं. वास गेला असं वाटतं तेव्हाच माणूस कोसळतो. त्याला काढायला उतरलेला दुसराही मरतो. २०१३ च्या कायद्यानं अशा कामाला माणूस लावायला बंदी आहे. पहिल्याच गुन्ह्याला २ वर्षांपर्यंत कैद, २ लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. मृत्यू झाला तर ३० लाखांची भरपाई, असं सर्वोच्च न्यायालयानं २०२३ मध्ये सांगितलं. ५०० रुपये दाखवून जी पोरं उतरवतात ती कोणत्या वस्तीतली असतात, हे गावात सगळ्यांना ठाऊक असतं. माझी गाडी उभी असताना टाकीत कोणी उतरत नाही. त्या रात्री वरूनच पाणी मारलं, बांबूनं गाळ ढवळला, थोडा थोडा ओढला. पहाटेचे तीन वाजले.

झाकण उघडं दिसेल असंच ठेवा. दोन कप्पे असतील तर दोन झाकणं, आणि गाडीवाल्याकडून दोन्ही उघडून घ्या. घाईतला माणूस वरचं पातळ पाणी ओढतो आणि पैसे मागतो. पाइप तळापर्यंत गेला का ते उभं राहून बघा. तो मैला कुठे ओतणार हेही विचारा. नाल्यात किंवा भाजीच्या वावरात टाकणार असेल तर त्याला परत पाठवा, जंतांची अंडी मातीत महिनोन्‌महिने जिवंत राहतात.

प्लास्टिकची टाकी भर पावसाळ्यात रिकामी करू नका. जमिनीत पाणी वर आलेलं असतं, हलकी टाकी उचलली जाते आणि पाइप तुटतात. ऑगस्टमध्ये अशी एक टाकी मी अंगणात वीतभर वर आलेली पाहिली आहे. उपसा उन्हाळ्यात करा, लगेच पाणी भरा.

पावडर, गूळ, यीस्ट, काही टाकायची गरज नाही. तळाशी थोडा गाळ राहतो, त्यातले मैला कुजवणारे जंतू हेच विरजण. ॲसिड आणि फिनाइल भसाभस ओतू नका, विरजण मरतं. खर्ऱ्याच्या (सुपारी-तंबाखूच्या) पन्न्या, पॅड, डायपर भांड्यात नको. छताचं पाणी टाकीत सोडू नका. वायू बाहेर सोडणाऱ्या व्हेंट पाइपाला जाळी लावा, बूच नाही. टाकीवरून ट्रॅक्टर नेऊ नका.

दोन खड्ड्यांचा संडास असेल तर एका वेळी एकच खड्डा चालू ठेवा. मधल्या चेंबरमध्ये दुसऱ्याचं तोंड बंद आहे ना, ते बघा. दोन्ही एकदम भरले की वापरायला खड्डाच उरत नाही. भरलेला खड्डा दीड-दोन वर्षं बंद ठेवला की त्याचं खत होतं.

काम झालं की मी झाकणाजवळच्या भिंतीवर ऑइल पेंटनं महिना, वर्ष आणि गाळ किती इंच निघाला ते लिहून ठेवतो. कागद हरवतात, पोरं शहरात जातात. पुढच्या वेळी गाडी घेऊन आलो की आधी ती भिंत वाचतो, मग झाकण उघडतो.