योजनेत बसणारा हार्टचा डॉक्टर शोधायचा कसा

वडलांना जिना चढताना छातीत दाबल्यासारखं होतंय, गावातल्या डॉक्टरांनी ईसीजी बघून कार्डिओलॉजिस्टला दाखवा म्हणून सांगितलंय आणि घरात मेडिक्लेम वगैरे काही नाही, फक्त रेशन कार्ड. मग आपण ओळखीपाळखीत विचारत सुटतो, चांगला हार्टवाला कोण हो? पण फुकट उपचाराची सरकारी योजना, मग ती राज्याची महात्मा फुले जन आरोग्य योजना म्हणा किंवा केंद्राची आयुष्मान भारत म्हणा, ती डॉक्टरला लागू नसते, हॉस्पिटलला असते, आणि त्यातही ठरावीक विभागांनाच. बाहेर योजनेचा हा मोठा बोर्ड आणि आत गेल्यावर कळतं की इथे योजनेत फक्त हाडांची ऑपरेशनं होतात, हे अगदी सर्रास.

म्हणून आधी फोन करा. १५५३८८ किंवा १८००२३३२२००, दोन्ही फुकट आहेत. नुसतं "योजनेतली हॉस्पिटलं सांगा" म्हणू नका, "आमच्या जिल्ह्यात कार्डिओलॉजी कुठे आहे आणि बायपास कुठे होते" असं विचारा, कारण अँजिओप्लास्टी (फुग्याने ब्लॉकेज उघडणं) कार्डिओलॉजीत येते आणि बायपास, व्हॉल्व्ह वगैरे हार्ट सर्जरीत, आणि एक असलं म्हणजे दुसरं असेलच असं नाही. आयुष्मानच्या साइटवर पण जिल्हा आणि विभाग टाकून यादी निघते, पण यादीवर डोळे मिटून विश्वास ठेवू नका, हॉस्पिटलला फोन लावून आरोग्यमित्राशी, म्हणजे तिथे बसणाऱ्या योजनेच्या माणसाशी बोलायचंय असं सांगा. रिसेप्शनवाल्यांना बऱ्याचदा धड माहिती नसते, खरं काय ते या माणसाला ठाऊक असतं, सध्या हार्टच्या केसेस घेतायत का, मशीन चालू आहे का, नंबर किती दिवसांनी लागतो.

आता एखाद्या डॉक्टरवर तुमचा विश्वास बसलाच असेल तर त्यांना सरळ विचारा, "डॉक्टर, तुम्ही योजनेतल्या केसेस कुठे करता?" लाजायचं काही कारण नाही. बरेच जण स्वतःच्या क्लिनिकमध्ये फी घेऊन तपासतात आणि अँजिओप्लास्टी दुसऱ्याच हॉस्पिटलमध्ये योजनेतून करतात.

पैशाचं सांगायचं तर कव्हर वर्षाला ५ लाख, पण ते अख्ख्या कुटुंबाचं मिळून, माणशी नाही. आधी दीड लाख होतं. पिवळं, केशरी तर होतंच, २०२३ च्या निर्णयानंतर पांढरं कार्डवाले पण आलेत. ७० आणि त्यापुढच्यांना २०२४ पासून उत्पन्नाची अट न लावता आयुष्मानचं वय वंदना कार्ड मिळतं, ते आधारवर निघतं, घरात म्हातारं माणूस असेल तर दुखणं यायच्या आधीच काढून ठेवा.

कागदांत माणसं अडकतात ती नावावरून. आधारवर सुमन आणि रेशन कार्डावर सुमनबाई, किंवा नव्या सुनेचं नाव अजून चढवलेलंच नाही. ते आधी तहसीलमधून नीट करून घ्या, रेशन कार्डाचा १२ अंकी ऑनलाइन नंबर चालू आहे का ते पण बघा. अॅडमिट झाल्यावर आरोग्यमित्र पेशंटचा बेडवरचा फोटो काढतो, रिपोर्ट अपलोड करतो आणि मंजुरी येईपर्यंत थांबावं लागतं, तेव्हा त्याच्याशी उगाच भांडू नका, मंजुरी त्याच्या हातात नसते.

योजना मुळात अॅडमिट झाल्यावरच्या उपचाराला आहे, त्यामुळे ओपीडीची फी, पहिला इको (हार्टची सोनोग्राफी), टीएमटी (पट्ट्यावर चालवून काढतात तो ईसीजी) हे बहुतेक खिशातूनच जातं. ते वाचवायचं असेल तर सरळ सरकारी गाठा, मुंबईत केईएम, जेजे, पुण्यात ससून, नागपुरात मेडिकलचं सुपर स्पेशालिटी. गर्दी मरणाची असते, सकाळी लवकर जाऊन केस पेपर काढावा लागतो, पण माझं मत विचाराल तर घाई नसलेल्या पेशंटला तेच बरं. खाजगीत जात असाल तर एक प्रश्न आधीच विचारून ठेवा: अँजिओग्राफीत ब्लॉकेज निघालं नाही किंवा नुसत्या गोळ्यांवर भागलं, तर त्या अँजिओचे पैसे कोणाचे? वाद होतो तो इथेच. आणि योजनेत घेऊनही डिपॉझिट मागितलं, "चांगला स्टेंट (नसेत बसवतात ती जाळी) पाहिजे तर वरचे पैसे द्या" म्हणाले, तर पावती मागा आणि तिथूनच वरच्या नंबरवर तक्रार करा.

हे सगळं हाताशी वेळ असेल तेव्हाचं. छातीत कळ, दरदरून घाम, डावा हात भरून आला तर यादीबिदी बघत बसू नका, १०८ लावा आणि जवळच्या हॉस्पिटलला पोचा. ते योजनेतलं असेल तर इमर्जन्सीत फोनवरून मंजुरी घेता येते, कागद मागून दिले तरी चालतात, फक्त आत शिरताच योजनेचा पेशंट आहे असं सांगायचं आणि कागद कधीपर्यंत द्यायचे ते विचारून घ्यायचं.

लहान मुलाच्या हार्टला छिद्र असेल तर अंगणवाडी किंवा शाळेत तपासणीला येणाऱ्या आरबीएसकेच्या (राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम) टीमला गाठा, त्यांच्याकडून ऑपरेशनपर्यंतची सोय होते.

डिस्चार्जच्या वेळी सगळ्या रिपोर्टची झेरॉक्स, अँजिओची सीडी आणि स्टेंटच्या पाकिटावरच्या स्टिकरची कॉपी मागून घ्या, पुढे दुसऱ्या डॉक्टरकडे गेलात की पहिलं तेच विचारतात. रक्त पातळ करायच्या गोळ्या मग महिनोन्‌महिने चालतात, योजनेतून मिळतात त्या थोड्याच दिवसांच्या, पुढच्या जन औषधीच्या सरकारी योजनेतल्या दुकानात स्वस्त पडतात, फक्त तिथे कंपनी वेगळी दिसली तर डॉक्टरांना एकदा दाखवा.