जनगणनेची जुनी पानं उतरवायला बसण्याआधी

गेली तीन वर्षं रात्रीची जेवणं उरकली की मी दीड तास लॅपटॉपसमोर बसते आणि इंग्लंडच्या जुन्या जनगणनेची पानं उतरवते. फ्रीसेन हा स्वयंसेवकांनी चालवलेला प्रकल्प आहे. एकोणिसाव्या शतकातल्या ब्रिटिश जनगणनेच्या नोंदी टाइप करून त्या कुणालाही फुकट शोधता येतील अशा ठेवायच्या, हे त्याचं काम. आपल्या खापरपणज्यांचा माग काढणारी माणसं तिथे येतात. पैसे मिळत नाहीत.

सोलापुरात बसून तिकडच्या लोकांची नावं का उतरवतेस, असं सगळेच विचारतात. आपल्याकडे १९४८च्या जनगणना कायद्यानं प्रत्येक माणसाची नोंद गोपनीय असते, आपल्या हाती येतात ती आकड्यांची कोष्टकं. तिकडे शंभर वर्षं उलटली की नावानिशी पानं खुली होतात. ज्यांच्या घरात गाव नमुना १४ची, म्हणजे गावच्या जुन्या जन्ममृत्यूच्या नोंदींची, मोडीतली पानं शोधायची धावपळ झाली आहे, त्यांना जुन्या कागदावर आपल्या माणसाचं नाव सापडणं म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको.

नव्यानं येणाऱ्यांना मी आधी एकच गोष्ट सांगते : पानावर जे दिसतं तेच लिहा. आडनावाचं स्पेलिंग चुकलेलं वाटलं तरी तसंच. गावाचं नाव वेडंवाकडं असेल तर मूळ रकान्यात तसंच ठेवायचं, बरोबर वाटणारं नाव शेजारच्या पर्यायी रकान्यात. शिकलेल्या माणसाचा हात दुरुस्तीला शिवशिवतो, माझाही शिवशिवायचा. १८४१ची पानं हाती आली तेव्हा तर फारच. त्या वर्षी पंधरापुढच्या माणसांची वयं सहसा पाचाच्या पटीत खाली आणून लिहीत, म्हणजे ४४ वर्षांचा माणूस ४० होतो. शिवाय त्यात नातंच लिहिलेलं नसतं. एका घरात चाळिशीचा पुरुष आणि पस्तिशीची बाई दिसली की आपण नवरा-बायको धरून चालतो, पण ती बहीणही असू शकते. आपला अंदाज तिथे गेला, की कुणाच्या तरी वंशावळीत चुकीची आजी जाऊन बसते. म्हणून सुरुवात १८९१पासून करा. १८४१ची बरीच पानं पेन्सिलीची आणि पुसट आहेत.

अक्षर लागत नसेल तर डोळे ताणून उपयोग नाही. त्याच लेखनिकाचं तेच अक्षर पानावर दुसरीकडे शोधायचं, जिथे शब्द नक्की माहीत आहे तिथे. मी प्रत्येक नव्या लेखनिकासाठी वहीत त्याची कॅपिटल अक्षरं काढून ठेवते. एल आणि एस, टी आणि एफ या जोड्या फार फसवतात. जुन्या वळणात दोन एस लागोपाठ आले की पहिला एफसारखा दिसतो, म्हणून रॉस हे आडनाव रॉफ्स वाचलं जातं. आकडे मोजणाऱ्या कारकुनांनी वयांवरून रेघा मारलेल्या असतात, त्यांत ३ आणि ८ हरवतात. पण पुरुषाचं वय एका रकान्यात असतं आणि बाईचं दुसऱ्या. नाव लागलं नाही तरी वय कुठल्या रकान्यात आहे ते बघा, निम्मं कोडं सुटतं.

तपासणीचं काम, म्हणजे दुसऱ्यानं टाइप केलेलं मूळ पानाच्या चित्राशी ताडून बघणं, पहिले सहा महिने घेऊ नका. ते जास्त अवघड आहे. टाइप केलेलं आधी वाचलं की चित्रातही तेच दिसायला लागतं, म्हणून मी तो रकाना झाकते, आधी चित्र वाचते, मग उघडते. आणि प्रत्येक पानाच्या ओळी मोजते. एक ओळ सुटली की खालची सगळी वयं भलत्याच माणसांना चिकटतात.

माझी स्वतःची एक चूक सांगते. सुती गिरण्यांच्या भागातलं १८६१चं पान होतं. चौदा वर्षांच्या एका मुलीच्या धंद्याच्या रकान्यात मी 'कीलर' लिहिलं. तपासणाऱ्या बाईंनी परत पाठवताना एवढंच लिहिलं होतं, की वरच्या ओळीतल्या रॉबर्टचा आर बघा. बघितला. शब्द 'रीलर' होता, पण अर्थ तरी कुठे माहीत होता! आई शेजारी लसूण सोलत बसली होती. तिला विचारलं.

"अगं, रीलिंग म्हणजे आमचंच खातं की," ती म्हणाली. गिरणी बंद पडेपर्यंत तिनं तिथेच सुताच्या लडी केल्या. दोन्ही हात पुढे धरून लड कशी उतरवायची ते तिनं मला बसल्या जागी करून दाखवलं, बोटांना लसणाची सालं चिकटलेली तशीच.

त्या पानावर आणखी सात रीलर होत्या. आईनं त्या सगळ्यांची नावं वाचायला लावली आणि प्रत्येकीचं वय विचारलं.